भगत पदाचा अतिरिक्त कार्यभार

माणसाला एका वेळी दोन पेशे करता येत नाहीत, हा नियम मी केलेला नाही. तो अमेरिकेत झाला, इंग्रजीत छापला गेला आणि माझा धाकटा भाऊ वाल्मीक याच्या सुटकेसमधून धुळ्याला आला. मी तो फक्त वाचून दाखवला. तरीसुद्धा आमच्या देवपुरातल्या कॉलनीत काही मंडळी अजून असं समजतात, की अभिमन साळुंखे नावाच्या एका वरिष्ठ लिपिकानं स्वतःच्या सख्ख्या बापाची अडवणूक केली. म्हणून जे झालं ते एकदा सरळ सांगून टाकतो.

वाल्मीक तिकडे कॉम्प्युटरवर काम करायला गेला आणि पहिल्याच सुट्टीत येताना एक खोकं घेऊन आला. खोक्यावर पंख फुटलेला एक अजगर आणि अपुऱ्या कपड्यांतला एक माणूस यांची मारामारी छापलेली होती. कोकिळानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते चित्र आधी खाकी कागदानं झाकलं आणि मग खोकं घरात घेतलं. आत जाडजूड पुस्तकं, कोरे तक्ते आणि चित्रविचित्र फासे. एकाला तर वीस तोंडं.

खेळ असा. प्रत्येकानं कागदावर एक माणूस तयार करायचा. त्याला पेशा द्यायचा: योद्धा, चोर, जादूगार, नाहीतर देवाधर्माचं करून लोकांना बरं करणारा. मग सगळ्यांनी मिळून रानावनात, पडक्या किल्ल्यांत हिंडायचं आणि राक्षसांशी लढायचं. हे सगळं तोंडानं. कोणी जागेवरून उठायचंसुद्धा नाही. एकानं पुस्तक घेऊन बसायचं, समोर काय दिसतंय ते सांगायचं आणि नियम सांभाळायचे. त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. घरात इंग्रजी वाचणारा आणि नियमांची आवड असणारा मी एकटाच असल्यामुळे हे पद माझ्याकडे आलं. कचेरीत बढतीची फाइल कुठल्याशा टेबलावर झोपलेली असताना हे एक पद मला विनासायास मिळालं, हे इथं नमूद करतो.

आबा, म्हणजे माझे वडील, पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी योद्धा घेतला. तो योद्धा तलवार उपसण्याआधी राक्षसाला नाव, गाव विचारायचा आणि जबाब घेतल्याशिवाय कोणाला मारायचा नाही. शेजारचे झुलाल सर, शाळेत गणित शिकवणारे, इतके सरळ, की खिशात खडू राहिला तर परत द्यायला शाळेत जातील. त्यांनी चोर घेतला, आणि दर रविवारी दुपारी ते ज्या आनंदानं कुलपं तोडायचे, तो आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर एरवी कधी पाहिला नाही.

आणि आई. आईनं बरं करणारीचा पेशा घेतला. पुस्तकात त्याला मोठा इंग्रजी शब्द होता. आई म्हणाली, "म्हंजे भगतीण. सरळ सांग ना." तिच्या भगतीणीचं नाव झुंबर, हे तिच्या आईचं नाव. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण स्वतःच्या तक्त्यावर कुठल्या चौकोनात काय आहे ते तिला तोंडपाठ. वीस तोंडांचा फासा ती परातीत टाकायची. त्याचा आवाज भिंतीपलीकडच्या सुंदरबाईंच्या दुपारच्या झोपेपर्यंत पोचायचा. लढाई संपली की आई आपल्या माणसांना बरं करायची आणि उरलीसुरली शक्ती पडलेल्या राक्षसांवर घालवायची.

"आई, राक्षसांना बरं करायचं नसतं."

"लागनं व्हई बिचाराले," आई म्हणायची. "तू तुनं पुस्तक देख, मी मन्हं देखस."

असं चाललं होतं. एका रविवारी पडक्या किल्ल्यात मोठा साप निघाला. तो सगळ्यांना चावला. आईनं आबांच्या योद्ध्याचं विष उतरवलं, सरांच्या चोराचं उतरवलं, आणि तिच्या स्वतःच्या पाळीला शक्ती संपली. मी तसं सांगितलं. भगतीणीला उचलून गावातल्या धर्मशाळेत नेऊन निजवलं. आई ताट-वाट्या आवरत उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मन्हं पुढला रईवारले देखसू."

मंगळवारी तिला ताप भरला. पुढचा रविवार तिच्या वाट्याला आला नाही.

खोकं माळ्यावर गेलं. त्यानंतर आबा ओट्यावर बसून राहायचे. कोणी बोललं तर उत्तर द्यायचे, तेही जबाब दिल्यासारखं, विचारलं तेवढंच. कोकिळा म्हणायची, आबांना कुठंतरी गुंतवा. मी त्यांच्यासाठी ग्रंथालयाची वर्गणी भरली. ते पुस्तक आणायचे आणि तसंच परत करायचे. चैत्रात एका रविवारी मी जेवून आडवा झालो होतो. माळ्यावर खडखड झाली. मांजर म्हणून हाकलायला गेलो, तर आबा स्टुलावर उभे, हातात खोकं.

"सरस्ले बलाव," ते म्हणाले. "आपलं कोठे थांबेल व्हतं?"

सर धावत आले. सगळे बसलो. मी पुस्तक उघडून घसा साफ केला आणि एक नवीन जंगल सांगायला सुरुवात केली. आबांनी हात वर केला. रस्त्यावर ट्रक थांबवताना करायचे तसा.

"जंगल नंतर. ती धर्मशाळामा पडेल शे. आंगमा विष शे."

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. खेळाचा नियम असा, की कोणी सांगितल्याशिवाय तिथं वेळ पुढे सरकत नाही. आम्ही चौदाव्याचं जेवण घातलं, बाहेर दिवाळी होऊन गेली, संक्रांत झाली, आणि त्या धर्मशाळेत अजून तीच संध्याकाळ होती.

मी प्रसंगावधान राखलं. म्हणालो, "आबा, तेवढ्यात एक साधू तिथून चाललेला असतो. तो..."

"कोन साधू? वळख ना पाळख. तिले परका मानूसना हात नको."

कोकिळा दारात उभी होती. म्हणाली, "आबा, मी खेळू का आईंच्या जागी? त्यांचा कागद मी घेते."

आबांनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. "बेटा, तो कागद तिना शे," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मी शिकस. मन्हा योद्धा भगतनं काम बी करी. दोन्ही."

आणि इथं तो नियम आडवा आला. पुस्तकात दोन पेशे एकत्र करण्याची सोय आहे, नाही असं नाही. पण ती रानात राहणाऱ्या लांब कानांच्या लोकांना, बुटक्यांना आणि तत्सम इतरांना. माणसाला नाही. माणसानं जुना पेशा सोडायचा आणि नवा अगदी पहिल्या पायरीपासून शिकायचा. नव्यात जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुन्यातलं काही वापरायचं नाही. वापरलं, तर त्या लढाईतलं शिकणं फुकट. हे मी शब्दशः वाचून दाखवलं. आबांचा योद्धा बराच वरच्या पायरीवर होता, म्हणजे त्यांना तलवार असून हात बांधून बसावं लागणार होतं.

आबा उठून गेले. मला वाटलं, संपलं. पण बत्तीस वर्षं खात्यात काढलेला माणूस. संध्याकाळी माझ्या टेबलावर अर्ज होता. विषय: योद्धा या पदासोबत भगत या पदाचा अतिरिक्त कार्यभार मिळणेबाबत. खाली, अर्जदार हा योद्धा पदावर समाधानकारक सेवा बजावीत असून, भगत हे पद दिनांक अमुकपासून रिक्त आहे. त्या अमुकच्या जागी आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख होती. सदर पद रिक्त राहिल्याने एक इसम धर्मशाळेत उपचाराविना पडून आहे, तरी विनंती अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

माणूस खुर्चीवर बसला की त्याचं काय होतं हे मला वेगळं सांगायला नको. मी लाल शाईनं शेरा मारला: नियमावलीत मनुष्यमात्रासाठी अशी तरतूद नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल. कोकिळानं तो शेरा वाचला. त्या रात्री माझ्या ताटात भाकरी आली ती कडेनं करपलेली, आणि मी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

सल्ले दुसऱ्या दिवशीपासून सुरू झाले. झुलाल सर म्हणाले, आबांनी लांब कान घ्यावेत. योद्धा मुळात लांब कानांच्या आईचा होता, हे त्याला आत्ताच कळलं असं दाखवायचं, म्हणजे नियमही राहतो आणि कामही होतं. मी मान्य करायच्या बेतात होतो. आबा म्हणाले, "मन्हा कान शेत तितलाच बरा शेत. मी मानूसच ऱ्हासू." सरांनी मग गणित मांडलं, की आबांचं शिकणं निम्मं-निम्मं वाटलं तर दोन्ही पेशे किती दिवसांत कुठवर जातील. मी म्हणालो, ते गणित लांबकान्यांचं. सर म्हणाले, गणिताला कान नसतात. सरांनी त्यानंतर दोन दिवस आमचं वर्तमानपत्र वाचायला नेलं नाही.

शेवटी आबांनी वरिष्ठांकडे अपील करायचं ठरवलं. वरिष्ठ म्हणजे वाल्मीक. आम्ही चौकातल्या एसटीडी बूथमध्ये गेलो. त्या काचेच्या कपाटात एक माणूस जेमतेम मावतो. आम्ही दोघं शिरलो आणि दार आबांच्या पाठीनं अर्धवट उघडं राहिलं. बाहेर रांग. आबा अमेरिकेपर्यंत आवाज नुसता तोंडानं पोचवायचा अशा बेतानं ओरडून बोलत होते. "वाल्मीक! तुन्ही माय अजून धर्मशाळामा शे!"

रांगेतली माणसं पुढे सरकली.

मी फोन घेतला आणि सगळं समजावलं. पलीकडे बराच वेळ खरखर. वाल्मीकला आईच्या वेळी येता आलं नव्हतं. व्हिसाचं काहीतरी होतं. आता तो रडतोय की लाइन खराब आहे, कळेना. मग तो म्हणाला, "दादा, खेळच आहे ना तो? घरचा म्हणून एक नियम करा. इथं सगळे करतात."

म्हणजे मी इतके दिवस ज्या पुस्तकाची इज्जत राखत होतो, ते पुस्तक ज्या देशात छापलं त्या देशात ते कोणी मानतच नव्हतं! बाहेर आल्यावर मी आबांना सांगितलं, "लाइन नीट नव्हती. काही ऐकू आलं नाही." बूथवाला म्हणाला, "मला तर सगळं ऐकू आलं." मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

घरी आमची जुंपली. आवाज चढले. मी म्हणालो, "आबा, जुनं सोडल्याशिवाय दुसरं करता येणार नाही, हे मी शंभरदा सांगितलंय!" आबा म्हणाले, "मी जुनं सोडनार नही आनि दुसरं बी करसू!" मी म्हणालो, "ह्या वयात पहिल्यापासून सगळं जमणार आहे का तुम्हाला?" एवढं सगळं सुंदरबाईंच्या भिंतीला लागून बोललं गेलं. सुंदरबाई वाईट बाई नाहीत. आईला शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षात आईचं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं. पण जे ऐकलं ते त्यांनी ज्याला त्याला, काळजीनं, सांगितलं, आणि ते आमच्या नात्यातही पोचलं.

पुढच्या रविवारी आम्ही खेळायला बसलो होतो, म्हणजे सर आणि मी बोलत नव्हतो आणि आबा दोघांशी बोलत नव्हते, असे तिघं बसलो होतो. तेवढ्यात बोदवडहून भाईदास आले. हे आबांचे चुलतभाऊ. लोकांची लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद. नवी टोपी, अंगाला अत्तर. त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली, खिशातून रुमालात गुंडाळलेला एक फोटो काढला आणि म्हणाले, "भाऊ, लाजानं काय शे? एकटा मानूसना दिन जात नहीत. बाई चांगली शे, जामनेरकडली. रांधस, वाढस, बोलत कमी."

आबांच्या हातात फासा तसाच. काही बोलायच्या आत फाटक पुन्हा वाजलं. आईचे थोरले भाऊ, पहूरचे जीवराम मामा. उन्हातून आलेले, धापा टाकत, चप्पलसुद्धा न काढता ते थेट आत आले.

"दाजी," मामा म्हणाले, "मन्ही बहीण जाईसन वरीस नही व्हयनं. आनि तुम्ही दुसरी करी ऱ्हायनात?"

भाईदासांना वाटलं, मामा माहेरच्या वतीनं संमती द्यायला आलेत. त्यांनी प्रेमानं फोटो मामांच्या पुढे धरला. मामांनी तो बघितला आणि हातानं बाजूला सारला. सर उठून कोपऱ्यातल्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"कोन दुसरी करी ऱ्हायनं?" आबा ओरडले.

"हाऊच सांगी ऱ्हायंता ना," भाईदास माझ्याकडे बोट करत म्हणाले. "जुनी सोडाशिवाय दुसरी करता येत नही. कॉलनीभर झायं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कचेरीत मंत्र्यांच्या दौऱ्यासमोर उभा राहिलेलो आहे. पण इतका घाम मला कधी फुटला नव्हता. "पेशा, मामा," मी म्हणालो. "दुसरी नाही, दुसरा पेशा. आबा योद्धा आहेत. त्यांना भगत व्हायचंय. नियमात बसत नाही."

"भगत? कसाले?"

"आईला साप चावला ना. म्हणून."

मामा मटकन खाली बसले. "वच्छीले साप चावना? कवय?"

"खेळात, मामा. जाण्याच्या आदल्या रविवारी."

"मंग तुम्ही ताप ताप काय सांगत व्हतात?"

मी परत पहिल्यापासून सांगितलं. खोकं दाखवलं, तक्ते दाखवले, फासे दाखवले. आईचा तक्ता मामांच्या हातात दिला. मामांनी तो उलटा धरला, मग सुलटा. वरच्या चौकोनात मी आईच्या सांगण्यावरून मराठीत लिहिलेलं नाव होतं: झुंबर. मामांच्या आईचं नाव. मामांनी अंगठ्यानं ते नाव पुसल्यासारखं केलं, जणू त्यावर धूळ होती. त्यांचा राग कुठं गेला ते दिसलं नाही. मग त्यांनी विचारलं,

"आते कशी शे ती?"

"तशीच शे," आबा म्हणाले. "धर्मशाळामा. कोनी देखाले नही."

मामांनी टोपी काढली आणि तिच्यात तोंड घातलं. भाईदासांनी फोटो हळूच रुमालात गुंडाळला, आणि मग तोच रुमाल डोळ्यांना लावायला हवा होता म्हणून परत सोडला. कोकिळानं पाणी आणलं.

मामा वर बघून मला म्हणाले, "आनि तू त्यास्ले भगत होऊ देत नही?"

नियमाचं पान समोर उघडंच होतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "आबा, दिला. अतिरिक्त कार्यभार मंजूर. दोन्ही पेशे करा."

मला वाटलं, आता सगळे मला बरं म्हणतील. आबांनी मान हलवली.

"नको. सवलत नको," ते म्हणाले. "ती पहिलीपाईन शिकनी व्हती. मी बी शिकसू." आणि त्यांनी आपल्या तक्त्यावर योद्धा ह्या शब्दावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.

मामा आणि भाईदास संध्याकाळच्या गाडीनं गेले, एकाच बाकावर बसून.

त्यानंतरचे महिने आबांच्या अपमानाचे होते. ज्या माणसाचं नाव ऐकून राक्षस जबाब द्यायला रांगेत उभे राहायचे, त्याला आता चिखलातली पोरटी भुतं दगड मारायला लागली. कमरेला तलवार असायची, उपसायची नाही. सुरुवातीला आबा फक्त खरचटलेलं बरं करू शकत होते, तेही दिवसातून एकदा. सरांचा चोर त्यांच्या पुढे उभा राहून मार खायचा, आणि आबा त्याच्या गुडघ्याला फुंकर घालायचे. एकदा एका लांडग्यानं आबांना असं धरलं, की मी सूत्रधार असून म्हणालो, "आबा, काढा तलवार. जाऊ द्या हे एक शिकणं." त्यांनी काढली नाही. फासा परातीत टाकला आणि वाचले, जेमतेम. पलीकडून सुंदरबाईंनी विचारलं, "वाचले का हो?" गैरसमज झाल्यापासून त्या भिंतीला कान लावूनच बसायच्या, पण आता उघड.

पहूरहून मामांची कार्डं यायची. वच्छीची तब्येत कशी आहे, कळवणे. टपालवाल्यानं पहिलं कार्ड देताना माझ्याकडे असं बघितलं, की मला त्याला बसवून चहा पाजावा लागला. त्यानं आईला खांदा दिला होता. नंतर तोही विचारायला लागला. कचेरीतही पोचलं. साहेबांनी एकदा फाइलवर सही करता करता विचारलं, "साळुंखे, वडील कितव्या पायरीवर?" बढतीचं मात्र काही बोलले नाहीत.

आबांमध्ये बदल झाला तो मला आधी कळला नाही. ते आता राक्षसाला नाव, गाव विचारायचे नाहीत. कुठं दुखतं ते विचारायचे. माझ्याकडून पुस्तकातली भगताची पानं मराठीत वाचून घ्यायचे, आणि मध्येच थांबवून म्हणायचे, "हाई तिले येत व्हतं का?" मी हो म्हणायचो. "मंग ती बोलनी नही कधी," म्हणायचे.

आश्विनात एका रविवारी, नदीकाठच्या एका अवघड लढाईनंतर, आबा त्या पायरीवर पोचले जिथं विष उतरवता येतं. सरांनी पुन्हापुन्हा हिशेब तपासला. आबा म्हणाले, "चला." कुठं, ते कोणी विचारलं नाही.

मी धर्मशाळा सांगितली. दगडी पायऱ्या, कोनाड्यात विझत आलेली पणती, आणि घोंगडीवर निजलेली भगतीण. आबांनी आईचा तक्ता समोर ठेवला. फासा हातात घेतला आणि बराच वेळ टाकला नाही. मग टाकला. फासा परातीच्या कडेला लागून फिरला आणि थांबला. सरांनी वाकून बघितलं आणि चष्मा काढला.

"विष उतरलं, आबा," मी म्हणालो. "ती डोळे उघडतेय."

आबा पुढे झुकले. "मंग? काय सांगस ती?"

नियम असा आहे, की ज्या माणसाला खेळवणारं कोणी नाही, त्याच्या वतीनं सूत्रधारानं बोलायचं. मी राजांच्या वतीनं बोललोय, राक्षसांच्या वतीनं बोललोय, एका बोलणाऱ्या विहिरीच्या वतीनंसुद्धा, आणि मला कधी संकोच वाटला नाही. आता मी पुस्तकाची पानं उलटत राहिलो. नोकरी लागल्यापासून मी घरात शुद्ध बोलायचो. आई आमच्या भाषेत विचारायची आणि मी पुस्तकातल्या भाषेत उत्तर द्यायचो. तिनं त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. ती भाषा माझ्या तोंडात आहे की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. आबा माझ्याकडे बघत नव्हते. तक्त्याकडे बघत होते.

"जेवनात का?" मी म्हणालो.

आबांचा खालचा ओठ हलला. "नही," ते म्हणाले. "तू पडेल व्हती. कसं जेवसू?"

"मी पडनू म्हनीसन उपाशी ऱ्हायनात?"

"कोकिळा वाढस ना. चांगलं रांधस. तसं नही."

मग ते बोलायला लागले. इतके महिने विचारल्याशिवाय न बोललेला माणूस. वाल्मीक फोनवर रडला, मी लपवलं तरी त्यांना कळलं. परसातला शेवगा वाऱ्यानं पडला. जीवराम येऊन भांडून गेला आणि मग नीट झाला. भाईदासनं काय आणलं होतं तेही त्यांनी सांगितलं, आणि त्यावर मी, म्हणजे ती, हसले. कसं हसू आलं मला ठाऊक नाही. ते सांगत होते आणि मी फक्त हं म्हणत होतो. भिंतीपलीकडे अगदी शांत होतं.

"आते दुखस का?" आबांनी विचारलं.

"नही. आते काहीच दुखत नही."

"मंग चालस का आमनासंगे? बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."

बरी झालेली भगतीण पुढे चालू शकते. नियमाची कसलीच आडकाठी नव्हती. मी हो म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी ती आली असती, त्याच्या पुढच्याही. कोकिळा दाराला धरून उभी होती. तिनं काही सुचवलं नाही.

"नही," मी म्हणालो. "मी आथीच ऱ्हास. तुम्ही जा."

आबा बराच वेळ मान हलवत राहिले, हळूहळू, जशी एखादी बातमी पुरती समजून घ्यावी. मग म्हणाले, "बरं." आईच्या तक्त्याची त्यांनी नीट घडी केली आणि तो कोकिळाच्या हातात दिला. ती तो घेऊन आत गेली.

सर चष्मा पुसत होते. नदीकाठच्या लढाईत त्यांच्या चोराच्या खांद्यात बाण घुसला होता. सगळ्यांच्या गडबडीत ते बोललेच नव्हते. आबांनी परात पुढे ओढली.

"सर, खांदा दखाडा."

"असू द्या आबा. फार नाही लागलेलं."

"दखाडा सांगी ऱ्हायनू ना," आबा म्हणाले, आणि त्यांनी फासा उचलला.